नखाएवढी मिरची

मी एक जुना लाकडी ठसा आहे. वसईजवळच्या जूचंद्र गावच्या भागूबाईच्या घरातला. अंगावर एकच वाकडी मिरची कोरलेली, दुसरं काही नाही. मित्रांनो, "बस, एवढंच?" म्हणून नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या अकलेची मला कीव येते.

माझा जन्म घोटाळ्यातून झाला. चैत्रात गावच्या बायका मिरच्या भाजून मसाला कांडायच्या गिरणीत नेत. पिशव्या सगळ्यांच्या सारख्याच. एकदा भागूबाईचा जहाल मसाला दुसरीच्या घरी गेला आणि तिचा फिका मसाला इकडे आला. मग काय, आठवडाभर दोघी भांडत होत्या, तोंडाची नुसती गिरणी! शेवटी भागूबाईच्या नवऱ्याने, नथूने, मोडक्या मुसळाच्या तुकड्यावर मला कोरलं. तेव्हापासून पिशवीवर लाल मिरची दिसली की अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा लांबून ओळखायची, हा भागूबाईचा. भागूबाईला तरी कुठे वाचता येतं? वीस वर्षं मी असा राबलो.

मग नथू गेला, पिशव्यांच्या जागी छापील पाकिटं आली आणि मुलाला, कल्पेशला, ब्रँडिंगचं वारं लागलं. मला त्याने औषधांच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबलं. डबा पारदर्शक, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मला बघावा लागला. साहेबांनी लॅपटॉपवर नवं चिन्ह बनवलं. त्यात काय नव्हतं ते विचारा! वसईचा किल्ला, देऊळ, होडी, भाताची लोंबी, पाटा-वरवंटा, हार घातलेला नथू आणि सोनेरी झालरीत दोन फोन नंबर. आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर झाडून सगळ्या काका-मामांचे फोटो लावावे लागतात. एक जरी राहिला तरी तो रुसून बसतो. या शहाण्याने मसाल्याच्या चिन्हालाही तोच न्याय लावला.

वसईच्या एका किराणा ॲपवर भागूबाईचा मसाला जायचा होता. तिथल्या रचनाताईंनी फोनवर बजावलं, "दादा, मोबाइलवर हे नखाएवढं दिसणार. एकच गोष्ट ठेवा. शनिवारपर्यंत नाही आलं, तर तुमची जागा दुसऱ्याला जाईल."

कल्पेशने उदार होऊन फक्त होडी काढली. चिन्ह परत आलं. मग लोंबी काढली. तरी परत आलं. इकडे भागूबाईने ॲपवर विक्री होणार या भरवशावर पोतीच्या पोती मिरच्या कांडून ठेवलेल्या. हातांची नुसती आग होत होती तिच्या.

शुक्रवारी त्याने आईपुढे मोबाइल धरला. रचनाताईंनी पाठवलेल्या ॲपच्या नमुन्यात चाळीस मसाल्यांच्या चिन्हांचे चाळीस चौकोन होते.

"आये, बघ, यात आपला मसाला."

भागूबाईने चष्मा लावला. बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं. कल्पेशचं चिन्ह तिथे चिरडलेल्या ढेकणासारखं पडलं होतं. तिचं बोट त्याच्यावरून दोनदा पुढे गेलं.

"माजा कनचा? मना तर गावं नाय." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मना काढली का र यातून?"

कल्पेशने आईच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने डबा उघडला, मला शाईत बुडवलं आणि कोऱ्या कागदावर दाबलं. फोटो काढून पाठवला.

"हेच हवं होतं," रचनाताई लगेच फोन करून म्हणाल्या. "आधी का नाही पाठवलंत?"

पण कुत्र्याचं शेपूट ते. "ताई, कोपऱ्यात बारीकसा किल्ला बसेल का?"

भागूबाईने फोनच हिसकावला. "रचनाबाय, याचा काय एक आयकू नको. किल्ला भाजीत टाकतान का?"

मित्रांनो, मला जपून ठेवा असं रडगाणं मी गाणार नाही. मी लाकूड आहे, कधीतरी वाळवी लागेल. तुमचे किल्ले आणि काका-मामा खुशाल बॅनरवर नांदू द्या. पण जिने हात भाजून घेऊन वस्तू केली, तिला ती शोधताना आपल्यालाच त्यातून काढलंय असं वाटू नये, एवढी तरी काळजी घ्या.