मुकादमाची ॲलर्जी

"घरात पाळीव प्राणी आहे का, काका?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"बोका आहे. आपण पाळीव आहोत असं त्याला वाटत नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्यामागे हवा साफ करायची पांढरी यंत्रं शिस्तीत उभी होती आणि त्यातलं एक आज खपवायचंच होतं.

"ॲलर्जी कुणाला आहे? तुम्हाला?"

"मला कसली होतेय! जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून धूळ खाल्ली मी. माझ्या मुलीला आहे. बोक्याची."

"मुलगी घरीच असते?"

"नसते. म्हणून तर मशीन हवंय."

बाईंना हे कळलं नाही, पण त्यांनी तोंडावर तसं दाखवलं नाही. मांजर स्वतःला चाटतं, ती लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगतात आणि त्यानेच शिंका येतात, केसांचा त्यात फारसा दोष नसतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. म्हणून हे कण अडवणारा हेपा फिल्टर चांगला हवा. वासासाठी कोळशाचा थर हवा. खोली मोठी आणि मशीन छोटं असं करून चालायचं नाही.

"आणि रात्री आवाज?" काकांनी विचारलं. "तिची झोप सावध आहे."

"हे घ्या मग. कुजबुजल्याइतकासुद्धा आवाज नाही. पण शंभर टक्के खात्री कुणीच देत नाही हं, काका. बोका घरात असला की थोडंफार राहतंच."

काकांनी यंत्राला कान लावून पाहिला, पाठीवर थाप मारली आणि तेच घेतलं.

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले काकाच म्हणत. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. कामानिमित्त इकडे यायची तेव्हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑफिसने दिलेल्या हॉटेलात उतरायची. घरी चहापुरती टेकायची आणि तेवढ्यातही खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची नाही. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. आई गेली त्या आठवड्यात ती आतल्या खोलीत झोपली होती. एके सकाळी बाहेर आली ती डोळे सुजलेले, नाक लाल. "काय झालं गं?" असं काकांनी विचारलं, तर म्हणाली, "बोक्यामुळे असेल, बाबा." काकांनी ते लगेच मान्य केलं. कारण सापडलं की काकांना बरं वाटायचं.

बोक्याला घराबाहेर काढणं शक्य नव्हतं. बायकोने आजारपणात त्याला घरात घेतलं होतं. दिवसभर घरभर फिरून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो म्हणून तिनेच त्याचं नाव मुकादम ठेवलं. आता त्याला नजर ठेवायला काका एकटेच उरले होते. दिवसभरात त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते मुकादमाशीच. तो उत्तर देत नसे, पण ऐकताना उठून जातही नसे, आणि एकट्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं.

मशीन घरी आलं. त्यासोबत माहितीची पुस्तिका होती. लोकांच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवण्यात आयुष्य गेलेला माणूस एका पंख्याची पुस्तिका वाचणार थोडाच! ती मुकादमाने बसायला घेतली. काकांनी पिन लावली, हिरवा दिवा लागला, गार वारा आला. त्यांनी पडदे धुतले, आतल्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली आणि मुलीला फोन केला. "या खेपेला हॉटेल घेऊ नकोस. मी बंदोबस्त केलाय."

ती दुपारी आली. मशीन बैठकीच्या खोलीत चालू होतं. मुकादम तिच्या मांडीवर चढला तेव्हा काकांचा जीव खालीवर झाला. पण तिने त्याच्या मानेत बोटं घातली, चहा प्यायली, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवली. शिंक नाही की नाक ओढणं नाही. काका कौतुकाने एकदा तिच्याकडे, एकदा हिरव्या दिव्याकडे बघत होते.

"बघ, कसं काम करतंय! आता आज इथेच झोप. आत पलंग तयार आहे. मशीन ढकलत नेऊ, चाकं आहेत त्याला."

तिचा हात बोक्याच्या पाठीवर थांबला.

"बाबा, डोळे जरा चुरचुरतायत माझे. मी हॉटेल ठेवलंय तसंच. उगाच त्रास नको."

"चुरचुरतायत? थांब, थांब, बघतो."

काका उठले. मशीन भिंतीकडून वळवून त्यांनी मागचं झाकण काढलं. आत फिल्टर जागच्या जागी होता आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी होती. बंद, चिकटपट्टीसकट. म्हणजे मशीन आल्यापासून नुसता वारा घालत होतं.

त्यांना आधी आनंदच झाला. एवढंच ना! पिशवी काढली की झालं! हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

हवा साफ झालेलीच नव्हती. तरी ती एवढा वेळ बोक्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला काही झालं नव्हतं. डोळे चुरचुरले ते पलंगाचं नाव काढल्यावर.

मग ती सकाळ त्यांना नीट दिसली. पोर रात्रभर रडली होती. आईच्या खोलीत, आईच्या पलंगावर. बिघाड कुठे आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस भिंतीच्या अलीकडे होता आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. काकांना स्वतःचा राग आला आणि तिची इतकी दया आली की त्यांना लगेच तिच्याकडे तोंड वळवता येईना.

त्यांनी पिशवी आतच राहू दिली आणि झाकण लावलं.

"नाही गं," ते म्हणाले, "बोक्यापुढे नाही टिकत हे. दुकानातल्या बाई म्हणाल्याच होत्या, खात्री नाही म्हणून. तू आपली हॉटेलवर जा."

"रागावलात?"

"मशीनवर रागावलोय. तुझ्यावर कशाला रागावू?"

तिने खांद्यावरची पिशवी काढून खुर्चीपाशी ठेवली. "अजून एक चहा टाकते," म्हणत स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "साखर कुठे हलवलीत?" मग अंधार पडेपर्यंत बसली. भाजी करून ठेवली. मुकादमाला लाडाने शिव्या घातल्या. मीही त्या खोलीत झोपत नाही, बाहेर सोफ्यावर झोपतो, हे तिला सांगावं असं काकांच्या फार मनात होतं. पण ते सांगितलं असतं तर बाबांना सगळं कळलंय, हे तिला कळलं असतं. ते साहेबाच्या आणखी गोष्टी विचारत राहिले.

टॅक्सीपर्यंत ते तिला सोडायला खाली आले. ती आत बसल्यावर काचेशी वाकून म्हणाले, "पलीकडच्या कोपऱ्यावर एक छोटं हॉटेल झालंय, औषधाच्या दुकानाच्या वर. पुढच्या वेळी तिथे उतर. चालत येता-जाता येईल."

"बरं आहे का?"

"उद्या जाऊन बघतो. मांजर नाही ना तिथे, तेही विचारून ठेवतो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग हात बाहेर काढून त्यांच्या शर्टाची बाही धरली.

"हो बाबा," ती म्हणाली, "तेवढं नक्की विचारा."

टॅक्सी हलली तेव्हा तिने बाही सोडली.