एका शब्दापुरतं पुस्तक

"मावशी, अशी उभ्याउभ्या चार पुस्तकं वाचलीत तर मी विकू काय?" धवलभाई काउंटरवरून म्हणाला.

सोनूबाईंनी चौथं पुस्तक मिटलं. गुडघे ठणकत होते. मुलुंडची ड्यूटी संपवून त्या घाटकोपरला उतरल्या आणि घरी न जाता थेट या दुकानात शिरल्या होत्या. घरी सकाळची भांडी तशीच असणार आणि लेक तेजल तोंड फुगवून बसलेली असणार.

"कोणाच्या परीक्षेला पायजे?"

"परीक्षा कसली रे भाऊ. पेशंटसाठी."

"पेशंट पंजाबी शिकणार?"

"पेशंटला येतंय. मलाच शिकायचंय."

धवलभाईने चष्म्यावरून पाहिलं. पिशवीतून नर्सिंग ब्युरोचा निळा एप्रन डोकावतोय, अशा पन्नाशीपलीकडच्या बाईला पंजाबी कशाला हवी, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

मुलुंडच्या या पेशंटकडे, बीजींकडे, सोनूबाईंना चौदा महिने झाले होते. बीजी एक्याण्णव वर्षांच्या. पूर्वी हिंदी छान बोलायच्या. इतर घरांत सोनूबाईंचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. तीस वर्षांत त्याची सवय झाली होती. बीजींनी मात्र पहिल्याच दिवशी आपल्यातला कप पुढे केला आणि शेजारची जागा थोपटून 'बैठ' म्हटलं. मग तीन महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर हिंदीही गेली. उरली ती लहानपणची पंजाबी, तीही अर्धी चावलेली.

त्या दिवसापासून एकच धोशा चालला होता. 'मैनूं भुंजे लाह दे.' पाणी दिलं तरी तेच, कूस बदलली तरी तेच, पंखा वाढवला तरी तेच. मान हलायची आणि डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. मुलगा चंद्रप्रकाश दुकानातून आला की पलंगाशी उभा राहून 'हां बीजी, हां' म्हणायचा आणि हात धुवायला निघून जायचा. सोनूबाईंनी विचारलं तर म्हणाला, "कुछ नहीं, बड़बड़ाती हैं." पण बडबड रोज बदलते, हे सोनूबाईंना पक्कं ठाऊक होतं. ही बदलत नव्हती. 'मैनूं' म्हणजे मला, 'दे' म्हणजे दे, एवढं कळायचं. मधल्या शब्दांवर घोडं अडलं होतं.

तेजलने मोबाईलवर पंजाबी शिकवणारं ॲप टाकून दिलं. तीन दिवस त्याने मुलगी दूध पिते आणि घोडा काळा आहे एवढंच शिकवलं. "बीजींना घोडा कशाला हवाय गं?" असं म्हणून सोनूबाईंनी नाद सोडला. आता दुकानातही तीच गत. पहिलं पुस्तक सगळं पंजाबी अक्षरांत, त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. दुसऱ्यासोबत सीडी, ती लावायची कशावर? तिसऱ्यात विमानतळ, लग्न आणि बाजारातली घासाघीस. चौथ्यात 'डॉक्टरकडे' असा धडा होता, पण त्यातला पेशंट खोकत खोकत आपल्या पायांनी घरी गेला. सोनूबाईंची कसोटी साधी होती. मागची शब्दांची यादी उघडायची आणि 'भुंजे' हा एक शब्द शोधायचा. बीपीच्या वहीतल्या चिठ्ठीवर तो लिहून आणला होता.

पाचवं पुस्तक खालच्या कप्प्यातलं, बारीक, पिवळं पडलेलं. पण शब्द देवनागरीत होते. भ वर बोट फिरलं आणि थांबलं. भुंजे: ज़मीन पर. पुढे ल मध्ये लाहुणा: उतारना.

सोनूबाई तिथल्याच स्टुलावर बसल्या. गावी आजीला शेवटी असंच खाली घेतलं होतं. कॉटवर जीव अडकतो, असं म्हणत. तीन महिने बीजी मला खाली घे म्हणत होत्या आणि आपण पंखा वाढवत होतो. सोनूबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"सापडलं का?" धवलभाईने विचारलं.

"सापडलं. हेच दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बीजींच्या घरी चंद्रप्रकाश खुर्चीत बसून बूट घालत होता. सोनूबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साब, बीजी नीचे उतारने को बोलती है. जमीन पे."

त्याचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "पता है."

"पता है?"

"मेरी दादी को बीजी ने ही उतारा था. मैं आठ साल का था." तो खाली बघत म्हणाला. "आधे घंटे में चली गई. उतारूँगा तो ये भी जाएगी, सोनूबाई."

सोनूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने! पण समोर बसला होता साठीचा माणूस, एका पायात बूट, आईला घाबरावं तसा आईच्या जाण्याला घाबरलेला. राग धरून ठेवायचंही त्यांच्यात त्राण नव्हतं.

"जाना होगा तब जाएगी, साब. पर रोज माँगती है ना."

मग त्याने बूट काढला.

दोघांनी मिळून चटई अंथरली, वर चादर टाकली. सोनूबाईंनी खांदे धरले, त्याने पाय. बीजी अगदी हलक्या झाल्या होत्या. खाली टेकल्यावर त्यांचा डावा हात लादीवरून सावकाश फिरला. चंद्रप्रकाश भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला. अर्धा तास झाला, तास झाला. बीजींचा श्वास चालूच होता. मग त्यांनी सोनूबाईंकडे पाहिलं आणि शेजारची लादी दोनदा थोपटली.

सोनूबाई पलंगाचा पाय धरून, गुडघे सांभाळत खाली बसल्या. पुस्तक पिशवीतच राहिलं. त्या दिवशी बीजींनी मग काहीच मागितलं नाही.