टिमोळ म्हणजे पलंगाखालची चप्पल

मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे, आणि निवृत्त झाल्यापासून त्या नाकाला दुसरं काही कामही उरलेलं नाही. त्यामुळे सूनबाई जेव्हा म्हणाली, "बाबा, शाळेत तुमच्या नातीच्या वाचनाची चाचणी आहे. नाही जमली तर पुन्हा पहिलीत बसवतील," तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या. नातीची जिवाभावाची मैत्रीण दुसरीत जाणार होती. आपण एकट्याच मागे राहू, या धास्तीने पोरगी भरल्या ताटावर रडायची, आणि ते मला बघवत नव्हतं.

शाळेने सरावाला कार्डं दिली होती. पहिलं उचललं तर त्यावर 'टिमोळ'. मग 'गेबूस'. मग 'लुपाट'. विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या पत्रांतल्या चुका काढलेला मी माणूस. माझं डोकंच फिरलं.

"हे काय शब्द आहेत? शाळा आहे की थट्टा?"

"बाबा, ते मुद्दामच तसे..." सूनबाई सांगू लागली. पण मी आजवर कोणाचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलंय?

मी सगळ्यांना अर्थ देऊन टाकले. टिमोळ म्हणजे पलंगाखाली गेलेली चप्पल. गेबूस म्हणजे माझं घोरणं. लुपाट म्हणजे आजीने रागाने आपटलेलं दार. नात खदखदून हसली आणि बघता बघता सगळी कार्डं तिला पाठ झाली. घरातही तीच भाषा सुरू झाली. "यांचा गेबूस तुमच्याकडे ऐकू येतो का हो?" असं आमच्या हिने शेजारणीला विचारलं, तरी माझी छाती फुगलेलीच.

चाचणीला मीच घेऊन गेलो. बाईंना गळ घालून मागच्या बाकावर जागाही मिळवली. बाईंनी कार्ड पुढे धरलं. 'चुणेफ'. हे तर आमच्यात नव्हतंच! नातीने कार्डाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

"वाच बाळा," बाई म्हणाल्या.

"याचं अजून ठरलं नाही," नात म्हणाली. "आजोबा ठरवतात."

बाईंनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, ओळखीचा शब्द असला की मुलं अंदाजाने ठोकून देतात. याला अर्थच नाही, म्हणून हा अक्षर अक्षर जोडूनच वाचावा लागतो. तिला अक्षरं येतात हो, जोडायचा धीर नाही. सोमवारी पुन्हा घेते."

अर्थ नसलेलं वाचायला दिलं, तर त्याचीही घोकंपट्टी करून घेणारा महाभाग जगात मीच असेन. घरी येईपर्यंत मला नातीकडे बघवेना.

संध्याकाळी सूनबाईने नवी कार्डं करून दिली. नातीने पहिलंच माझ्यापुढे नाचवलं. "याचा अर्थ?"

एक झकास अर्थ अगदी जिभेवर आला होता. तो गिळला. "मला माहीत नाही."

"तुम्हाला?" ती धावत स्वयंपाकघरात गेली. "आजी, आजोबांना माहीत नाही!" आमची ही हात पुसत मला बघायलाच बाहेर आली. मग नात जमिनीवर बसली, अक्षराखाली बोट ठेवलं आणि अडखळत, थांबत, पुन्हा मागे जात तिने तो शब्द वाचला. मी नुसता बसून राहिलो. इतके कष्ट मी नोकरीतही घेतले नव्हते.

सोमवारी बाईंनी मला दाराबाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता, एकेक अक्षर ओढत. मधेच तो थांबला. मला दार ढकलून आत जावंसं वाटलं. मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

दार उघडलं आणि ती येऊन माझ्या गुडघ्यांना बिलगली. "दुसरीत! बाई म्हणाल्या, दुसरीत!"

मी तिला उचलून घेतलं. पण स्वभाव कुठे जातो? "मग? कोणामुळे जमलं?" मी विचारलंच.

"तुमच्यामुळे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बसलात ना, म्हणून."