ओरखड्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. दागिन्यांच्या दुकानात, काचेच्या पेटीत, दिव्याखाली मला बसवले आहे. लोक कौतुकाने माझे फोटो काढतात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे होते.

मी मूळची एका घड्याळजीची. त्याने मला आपल्या मुलीला, ताईला दिले. ताई जहाजावर परिचारिका होती. तिला ना कोणी चित्रे काढायला शिकवले, ना दागिने घडवायला. बंदर आले की ती उतरायची आणि तिथली दारे, होड्या, कमानी वहीत रंगवायची. मग खोलीत येऊन तेच आकार माझ्या तोंडात तार धरून वळवायची. सुरुवातीला डूल कमी आणि गुंता जास्त! "बाबांनी बघितलं तर हसतील," असे म्हणत ती पुन्हा तार सरळ करायची.

एकदा रंगाच्या डब्याचे झाकण निघेना. शिकलेल्या कारागिराने असे कधीच केले नसते, पण ताईने ते खुशाल माझ्या तोंडाने उचकटले. माझ्या जबड्याचा टवका उडाला. तेव्हापासून मी वळवलेल्या प्रत्येक कडीवर बारीक ओरखडा उठू लागला. झाले, आता माझी रवानगी भंगारात, असे मला वाटले. पण ताईने मला तेल लावले.

"राहू दे गं," ती म्हणाली, "ही आपल्या दोघींची सही."

त्या एका वाक्यावर मी वीस वर्षे राबले. कधी कुरकुर केली नाही.

पुढे ताईने दुकान थाटले. मागणी वाढली. एका सकाळी कारखान्यातून खोके आले. एका बंदरातल्या निळ्या दारावरून आम्ही वळवलेल्या डुलाचा साचा काढून शेकडो डूल ओतले होते. प्रत्येकावर माझा ओरखडा होता, आणि मी एकालाही शिवले नव्हते! त्याच दिवशी मी पेटीत गेले. शेजारी पाटी लागली, 'सर्व दागिने याच पकडीने, हाताने घडवलेले.'

परवा एक जुन्या गिऱ्हाईक बाई तुटलेला डूल घेऊन आल्या. "तेवढी कडी जोडून द्या ना."

"कशाला? नवीनच घ्या की," ताई म्हणाली आणि खोक्यातली जोडी पुढे केली.

बाईंनी चष्मा लावला. "अगंबाई! दोन्हींवर ओरखडा अगदी एकाच जागी? हातानं इतकं सारखं कसं होतं हो?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवले. "पक्कड तीच आहे ना!"

बाईंचा विश्वास बसला. माझा मात्र त्या क्षणी तुटला. जिच्यासाठी राबले, तिनेच मला खोटी साक्षीदार केले.

मित्रांनो, जुनी हत्यारे जपा, असे सगळेच सांगतात. मला तर रोज मऊ फडक्याने पुसतात. माझे मागणे वेगळे आहे. काम संपले तर आम्हाला खुशाल अडगळीत टाका, आम्ही गंजून जाऊ. पण जे आम्ही केले नाही, ते आमच्या नावावर विकू नका.

नवी जोडी घेताना बाईंनी इथेच सोडलेला तो तुटका डूल अजून माझ्या पेटीवर पडून आहे. एक कडी, फार तर अर्ध्या मिनिटाचे काम.