मिसाओच्या नडगीचा मधला तुकडा

मी मिसाओच्या उजव्या पायाची नडगी बोलतेय. अख्खी नव्हे, मधला वीतभर तुकडा. आणि आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली आहे.

जपानमधल्या कानाझावाच्या मासळीबाजारात मिसाओचा खेकड्यांचा गाळा. थंडीत, ओल्या फरशीवर, रबरी बूट घालून ती दिवसभर उभी. तिचा भार मी वर्षानुवर्षं पेलला, कधी कुरकुर केली नाही. मग माझ्यातच कॅन्सरची गाठ वाढली.

"दुसऱ्याचं हाड बसवता आलं असतं," डॉक्टर होत्ता म्हणाले, "पण आपल्याकडे मेलेल्या माणसाचं हाड द्यायला कोणी तयार नसतं, घ्यायलाही. तुमचंच काढू, गाठ खरवडू, नायट्रोजनमध्ये गोठवू आणि परत बसवू."

"म्हणजे आपल्या खेकड्यांसारखंच की!" मिसाओचा नवरा गेंजो म्हणाला. "फक्त माल परत मालकालाच."

"अहो, गप्प बसा तुम्ही," मिसाओ म्हणाली, पण हसली.

करवतीनं मला कापलं, वाफाळत्या गारढोण द्रवात बुडवलं. गाठीतला रोग मेला. त्याच्याबरोबर मीही मेले, हे मात्र कोणी बोलत नाही. मला जागेवर बसवून धातूची पट्टी लावली, स्क्रू पिळले. तेव्हापासून जो येतो तो पट्टीचं कौतुक करतो. अरे, ती नुसती धरून ठेवते! वरखालच्या जिवंत हाडानं माझ्यात शिरून मला आपलंसं केलं, तरच हा पाय टिकणार.

वरचं टोक सांधलं. खालचं काही केल्या सांधेना. कारण मला ठाऊक आहे. गाळ्यामागं, रिकाम्या खोक्यांच्या आड, मिसाओ सिगारेट ओढते. धूर आत गेला की माझ्याकडे येणारं रक्त आखडतं. डॉक्टरांनी बजावलं, तिनं मान डोलावली, आणि कुबड्या टेकत पुन्हा खोक्यांच्या आड. संताप होतो नुसता!

मध्यंतरी तिच्या सासूबाई गेल्या. दहनानंतर रीतीप्रमाणे घरच्यांनी लांब काड्यांनी अस्थी वेचून कलशात ठेवल्या, पायांपासून सुरुवात करून. सासूबाईंच्या खुब्यात धातूचा सांधा होता. तो राखेत काळा होऊन पडला होता. त्याला कोणी काडी लावली नाही. मिसाओ त्याच्याकडे बघत राहिली.

पुढच्या तपासणीला होत्ता म्हणाले, "खाली हाड धरत नाहीये. हा तुकडा काढून धातूचा घालू."

"नाही."

"अहो, पट्टी किती दिवस तग धरणार? मोडली म्हणजे?"

"मोडू दे. मी गेल्यावर माझी नडगी वेचायला हवी. लोखंड कोण उचलतंय?"

"जायची एवढी घाई कशाला गं?" गेंजो म्हणाला. या वेळी त्याला थट्टा जमली नाही.

होत्तांनी डोकं खाजवलं. "ठीक आहे. खेकड्यांचा हंगाम संपेपर्यंत थांबतो. त्यानंतर तुमचं ऐकणार नाही."

मला भरून आलं. मेलेल्या तुकड्यासाठी कोण भांडतं एवढं?

आणि गाळ्यावर पोचताच बाईसाहेब खोक्यांमागे! ओठांत सिगारेट, हातात लायटर.

मिसाओ, आता तुझ्याशीच बोलते. कापलं, गोठवलं, स्क्रू पिळले, सगळं सोसलं मी. पण स्वतःहून वाढायची ताकद माझ्यात उरलेली नाही. जे यायचं ते तुझ्या रक्तातूनच येणार. डॉक्टरांशी भांडलीस ना माझ्यासाठी, तशी एकदा स्वतःशी भांड. ठेव तो लायटर खाली. ठेव ना गं.