भर दुपारचा अंधार

वामनरावांनी स्टुलावर छडी आपटली.

"काडी कोणी पेटवली?"

हॉलमध्ये मिट्ट काळोख होता. खिडक्यांना पोती ठोकलेली होती, आणि त्या काळोखात दाराजवळ आगपेटीची एक काडी जळत होती. तिच्या उजेडात शाळेचे शिपाई जानराव यांचा चेहरा दिसला. चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान होतं.

"लाइन गेली वाटते गुरुजी."

"लाइन नाही गेली जानराव! आम्ही घालवली. मुद्दाम. चौथ्यांदा सांगतोय."

"मुद्दाम काऊन घालवता? गावात लाइन येऊन सात महिने तं झाले."

वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला. जानेफळच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. पण दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या शिबिरातून ते रंगमंचामागचं काम शिकून आले होते आणि तेव्हापासून डोक्यात तेच होतं. शाळेत त्यांनी नेपथ्याचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी बेचाळीस पोरं आली. आपल्याला तोंडाला रंग लावायला मिळणार नाही हे कळल्यावर सहा उरली. पडदा ओढायचा, दिवे सांभाळायचे आणि कोणाला दिसायचं नाही, असलं काम शिकायला शाळेत कशाला यायचं, असं एका पोराच्या बापानं तोंडावर विचारलं होतं.

सहांपैकी कामाची एकच, दहावीतली तानू. तिच्या बापानं तिला नाटकात सोडलीच नसती. पण पडद्याच्या मागं कोण बघतंय, म्हणून तो हो म्हणाला.

वामनरावांनी लोणच्याच्या मोठ्या बरणीत मिठाचं पाणी भरून दोन पत्रे सोडले होते. दिव्यांची वीज त्या पाण्यातून फिरून जायची. वरचा पत्रा दोरीनं हळूहळू ओढला की दिवे हळूहळू मंद व्हायचे आणि शेवटी विझायचे. ओढणारा हात जरा घाई करी, तर उजेड धक्के खाई. पाच जणांनी धक्केच दिले. तानूनं कोरड्या फळीवर उभी राहून दोन महिने रोज वीस आकडे मोजले, आणि एके दिवशी खरोखरची संध्याकाळ उतरावी तसा उजेड उतरला. वामनराव त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत, इतका आनंद झाला होता.

आणि तानूनं तशी संध्याकाळ उतरवली की जानराव काडी पेटवत होते.

प्रयोग शनिवारी दुपारी होता. संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव बघायला येणार होते. वर्गाची खोली त्यांना सरकीच्या पोत्यांसाठी हवी होती. आवडलं तर खोली राहील आणि मलकापूरच्या स्पर्धेला जाऊ, नाही तर सोमवारी पोती येतील, असं हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

शनिवारी वामनरावांनी पडद्याबाहेर येऊन तीनदा बजावलं. "काहीही झालं तरी कोणी काडी, बॅटरी, कंदील लावायचा नाही. अंधार हा नाटकाचा भाग आहे." मग आत येऊन पोरांना दम दिला. "तुमच्यापैकी कोणी लावली तर वर्गातून बाहेर."

नाटक वामनरावांनीच लिहिलं होतं. शेवटच्या प्रवेशात परगावी गेलेल्या लेकाची वाट बघत म्हातारी उंबऱ्यावर बसते आणि दिवस मावळतो. लुगडं नेसलेला महादेव उंबऱ्यावर बसला. वामनरावांनी विंगेतून तानूला खूण केली. तिनं ओठ हलवले, एक. दोरीला हात घातला, आणि सगळे दिवे खटकन गेले.

"गुरुजी, म्या अजून ओढलंच नाई," तानू कुजबुजली.

लाइन खरीच गेली होती.

वामनरावांच्या खिशात आगपेटी होती. त्यांनी ती काढली आणि तशीच मुठीत धरली. बाहेर तीनशे माणसं बसली होती आणि खोकलासुद्धा नव्हता. एक लेकरू रडायला लागलं, तर त्याची आई म्हणाली, "चूप, खेळ हाये तो." गेले कित्येक दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो, आणि आजच या लोकांनी ऐकलं! वामनरावांना ओरडावंसं वाटत होतं. महादेव बिचारा न हलता बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्याला आपलं शेवटचं वाक्य आठवलं.

"आला का रे बाबू?"

पुढच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. वामनरावांनी पडदा ओढायला लावला.

खिडक्यांची पोती काढल्यावर ऊन आत आलं. भगवंतराव धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत विंगेत आले.

"भर दुपारी रात केली गुरुजी! खटकन! काळजात चर्र झालं. हे कोनं केलं?"

अकरा वर्षांच्या नोकरीत वामनरावांना हे कोणी विचारलं नव्हतं. नाटकं झाली, हारतुरे झाले, हे कोणी केलं असं कोणी विचारलं नाही. त्यांनी तानूला खांद्याला धरून पुढं केलं.

"हिनं. ही आमची तानू."

"नाई आबा, ते तं लाइन…"

"लाजते," वामनराव घाईनं म्हणाले.

"वा बाई! खोली ठेवा गुरुजी. सरकीचं पाहू कुठं तरी. मलकापुरातही अस्संच करा, खटकन. हळूहळू बिळूहळू नका करू काही."

"होय," वामनराव म्हणाले.

भगवंतराव गेले. पोरं बाहेर उड्या मारत होती. तानूनं मेन खटका पाडला, पत्रे वर काढले आणि ओढणीनं एकेक कोरडा केला. तिला वेळ लागत होता. वामनराव तिच्याकडे न बघता पडद्याच्या कड्या मोजत होते.

"गुरुजी."

"काय?"

"मलकापुरात खटकाच दाबाचा ना?"

"हं."

"मंग खटका तं जानरावकाकाही दाबतीन. मी कायले येऊ?"

तिनं दोरी गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि बरणी उचलायला वाकली.

"थांब, जड आहे ती," वामनराव म्हणाले. पण तोवर तिनं ती उचलली होती.