दिवस मावळायच्या आत

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. "पोरीला रोज तासभर मैदानात पळू द्या," एवढंच म्हणाले. नऊ वर्षांच्या आदितीला दुसरा मजला चढताना धाप लागायची, आणि रक्तातली साखर आत्ताच वर सरकायला लागली होती. तरणेपणी कबड्डीत भल्याभल्यांना लोळवलेल्या तिच्या आजोबांना, नेमगोंडाआण्णांना, वाटलं, हात्तिच्या, हे कसलं औषध! हे तर फुकटचं.

फुकटचं खरं, पण तास आणायचा कुठून? शाळा पाचला सुटायची, साडेसहाला शिकवणी. मधल्या वेळात घरी येऊन दिवस मावळायच्या आत जेवण. जैनाचं घर, त्यात आदितीनं रात्री न जेवण्याचा नियम घेतलेला. तीही आण्णांचीच करणी. गेल्या पर्युषणात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर त्यांनीच नातीला उभं केलं होतं आणि सगळ्या समाजात मिरवलं होतं.

"चंदना, ती शिकवणी बंद केली तर?" त्यांनी सुनेला विचारलं.

"आणि मागं पडली म्हंजे, मामा? ह्यास्नी इचारा."

तिच्या नवऱ्यानं, केतननं, मोबाइलमधून मान वर न काढताच नाही म्हटलं.

मग आण्णांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. शाळा सुटल्यावर आदितीला थेट मैदानावर नेलं. "आज उशिरा जेव. पाप लागलं तर मला लागंल."

मैदानात चार पोरं होती, चारही कठड्यावर, एका मोबाइलभोवती. आण्णांनी धोतर खोचलं, फरशीचे तुकडे रचून लगोरी मांडली. पोरं हसली आणि पुन्हा खाली बघायला लागली. आदिती दप्तर पोटाशी धरून उभीच.

"पळ की गं!"

"कुणामागं पळू, आज्जा?"

म्हातारा स्वतःच पळाला. ती मागोमाग पंधराएक पावलं धावली, एकदा खळखळून हसलीसुद्धा, आणि मग छाती धरून मटकन बसली. हिवाळ्याचा लहान दिवस; तिचा दम खाली बसेपर्यंत अंधारून आलं.

घरी चंदनानं ताट वाढलं. आदितीनं ते मागं सारलं.

"खा बाळ. मी सांगतोय न्हवं?"

"तुम्हीच म्हणालतासा की, नियम मोडायचा न्हाय."

पोर उपाशीपोटीच शिकवणीला गेली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. आदितीनं त्यांना पाहिलं, आणि मैत्रिणीच्या आडोशानं जाऊन घरी नेणाऱ्या रिक्षात बसली.